कॅमेऱ्याला येणारे नवे शहाणपण

सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, सोनाराचा चिमटा ही हत्यारे ज्या दिवशी घडली त्याच दिवशी पूर्णत्वाला पोचलेली असतात. पुढे त्यांना धार लावावी लागते, मूठ बदलावी लागते, तेलपाणी करावे लागते. परंतु काल येत नव्हते असे एखादे काम रंध्याला आज येऊ लागले, असे कोणी ऐकलेले नाही. अनुभवाने शहाणा होतो तो सुतार. रंधा होता तसाच राहतो. माणूस आणि हत्यार यांच्यामधील ही वाटणी इतकी जुनी आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्षही जात नाही. म्हणूनच वर्षभरापूर्वी विकत घेतलेला कॅमेरा एका सायंकाळी अर्ध्या घटकेच्या खटपटीनंतर समोरच्या माणसाचा डोळा आपणहून हुडकू लागतो, तेव्हा त्या घटनेचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. कॅमेऱ्याचा एकही स्क्रू कोणी काढलेला नसतो, एकही भाग बदललेला नसतो. बदललेले असते ते त्याचे शहाणपण. या बदलालाच फर्मवेअर अद्ययावत करणे असे म्हणतात.

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात ही कल्पना कोणाच्या स्वप्नातही येण्याजोगी नव्हती. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण केले ते त्र्यंबक तेलंग यांनी, आणि ती विद्या त्यांना फाळक्यांनीच शिकवली होती. तो कॅमेरा हाताने फिरवावयाचा. हँडल कोणत्या गतीने फिरवायचे, उजेड किती घ्यायचा, भिंग कोठे स्थिर करायचे, हे सारे ज्ञान चालवणाऱ्याच्या मनगटात आणि नजरेत असे. शिकले ते तेलंग. कॅमेरा शिकला नाही, आणि त्याने शिकावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ कॅमेऱ्याची रचना पुष्कळ सुधारली, तरी ही गोष्ट तशीच राहिली. कारखान्यातून बाहेर पडताना कॅमेरा जसा असे, तसाच तो अखेरपर्यंत राही.

या स्थितीत पालट कसा झाला, हे समजण्यासाठी कॅमेऱ्यातील एका लहानशा आरशाची हकिकत आधी पाहिली पाहिजे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांपासून लग्नसमारंभाच्या छायाचित्रकारांपर्यंत बहुतेकांच्या हाती जो कॅमेरा असे, त्यात भिंगाच्या मागे पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला एक आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर जाई, तेथील बहुकोनी काचेतून वळून छायाचित्रकाराच्या डोळ्यापर्यंत पोचे. बटण दाबताच आरसा खटकन वर उचलला जाई, प्रकाश मागच्या फिल्मवर पडे आणि आरसा पुन्हा खाली येई. त्या निमिषार्धापुरता डोळ्यापुढे अंधार होई. गंमत अशी की, जो क्षण टिपला जात होता, नेमका तोच क्षण टिपणाऱ्याला दिसत नसे.

फिल्मची जागा प्रकाशसंवेदी चकतीने, म्हणजे सेन्सरने घेतली. विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली बेल प्रयोगशाळेत ज्या सीसीडी नावाच्या घटकाची कल्पना मांडली, त्याने या परिवर्तनाचा पाया घातला. त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली कोडॅक कंपनीत जो पहिला हातात धरता येण्याजोगा अंकीय कॅमेरा जुळवला, त्याच्या चित्रात केवळ दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. तेथून पुढची वाटचाल झपाट्याने झाली. तरीही आरसा पुष्कळ वर्षे आपली जागा धरून होता. सेन्सरला सतत दिसणारे दृश्य थेट लहानशा पडद्यावर दाखवता येत असेल, तर मध्ये आरशाचे प्रयोजन काय, हा प्रश्न अखेर विचारला गेला. पॅनासॉनिक कंपनीने २००८ साली ल्युमिक्स जी१ हा कॅमेरा बाजारात आणला. भिंग बदलता येणारा, स्वयंचलित फोकस असलेला आणि तरीही आरसा नसलेला असा हा पहिला अंकीय कॅमेरा. अशा कॅमेऱ्यांना मिररलेस हे नाव पडले आणि पुढील काही वर्षांत ऑलिंपस, सोनी, फुजीफिल्म, कॅनन, निकॉन असे सर्वच मोठे निर्माते त्या वाटेला लागले.

आरसा गेला म्हणजे केवळ एक भाग कमी झाला, असे नव्हे. कामाची सारी वाटणीच त्यामुळे बदलली. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस साधण्यासाठी तळाशी एक निराळा घटक असे. त्याचे बिंदू ठरावीक असत, आणि ते जेथे बसवले तेथेच राहत. दृश्य डोळ्याला दिसे ते काचेतून. त्यात गणिताला वाव नव्हता. मिररलेस कॅमेऱ्यात मात्र दृश्य दाखवणे, फोकस साधणे आणि चित्र टिपणे ही तिन्ही कामे एकाच सेन्सरवर येऊन पडतात. तो सेन्सर सेकंदाला साठ किंवा एकशेवीस वेळा वाचला जातो, आणि प्रत्येक वेळी आतील प्रक्रियक त्या आकड्यांच्या राशीतून निर्णय घेतो. चेहरा कोणता, पाठीमागची भिंत कोणती, हलते आहे ते काय, स्थिर आहे ते काय, हे सारे आता काच आणि लोखंड ठरवत नाही. ते ठरवते आज्ञावली. आणि काच नव्याने घासावी लागते, लोखंड नव्याने ओतावे लागते, पण आज्ञावली नव्याने लिहिता येते. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला या सुधारणेचा लाभ अधिक होतो, याचे मर्म येथे आहे.

या आज्ञावलीला फर्मवेअर हे नाव का पडले, तेही मनोरंजक आहे. यंत्राचे जे अंग हाताला लागते ते हार्डवेअर, आणि त्या अंगाकडून काम करवून घेणारी जी आज्ञावली सहज बदलता येते ते सॉफ्टवेअर. या दोहोंच्या सीमेवर एक तिसरा प्रकार असतो. त्या आज्ञाच असतात. पण यंत्राच्या अंगात इतक्या मुरलेल्या की त्यांच्यावाचून यंत्राला आपण कोण आहोत हेही उमगू नये. ॲशर ओप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकातील लेखात अशा प्रकाराला फर्मवेअर हा शब्द वापरला. फर्म म्हणजे पक्के, दृढ. मऊ नव्हे आणि अगदी कठीणही नव्हे, असे ते मधले रूप. आज हा शब्द धुलाईयंत्रापासून मोटारीपर्यंत सर्वत्र लागू पडतो. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरी अशी चारदोन यंत्रे असतील आणि त्यांतील फर्मवेअरची जाणीव घरात कोणालाही नसेल. ते बिघडत नाही तोवर त्याचे अस्तित्व जाणवत नाही, हाच त्याचा मोठेपणा.

प्रारंभी हे फर्मवेअर खरोखरच पक्के असे. ते ज्या चकतीत कोरलेले असे, ती चकती कारखान्यातच तयार होई आणि तिच्यातील एक अक्षरही पुढे बदलता येत नसे. चूक निघाली तर चकतीच काढून दुसरी बसवावी लागे. ही अडचण दूर झाली ती जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांच्या संशोधनामुळे. वीज गेली तरी लिहिलेले विसरत नाही, आणि तरीही पुसून पुन्हा लिहिता येते, अशी स्मृतीची चकती त्यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचवले ते त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांनी. कारण त्या चकतीतील मजकूर एका झटक्यात पुसला जाताना पाहून त्यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या लखलखाटाची आठवण झाली. कॅमेऱ्यावरून जिचे नामकरण झाले, तीच स्मृती पुढे कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन बसली, हा एक सुखद योगायोग म्हटला पाहिजे.

या स्मृतीचा एक गुण मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढील साऱ्या सावधगिरीचे कारण त्यात आहे. वहीतील एखादा शब्द खोडून त्याच्या जागी दुसरा लिहावा, तसे येथे करता येत नाही. आपल्याकडे पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. धुळीत काढलेले एक अक्षर तेवढे पुसणे कठीण. पाटीवर हात फिरवला की सारीच अक्षरे जात आणि पाटी पुन्हा कोरी होई. फ्लॅश स्मृतीचे तसेच आहे. तिचे ठरावीक आकाराचे मोठे गट पाडलेले असतात. गटातील अक्षर बदलायचे तर प्रथम सबंध गट कोरा करावा लागतो आणि मग त्यावर नवा मजकूर उतरावा लागतो. पुसणे आणि लिहिणे या दोन क्रियांच्या मध्ये काही काळ असा जातो की जुने गेलेले असते आणि नवे आलेले नसते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. निर्मात्यांगणिक तपशील थोडा निराळा असला तरी क्रम सामान्यतः एकच असतो. कॅमेऱ्याच्या सूचीत फर्मवेअरच्या आवृत्तीचा आकडा पाहावयास मिळतो. प्रथम तो टिपून ठेवावयाचा. नंतर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन नेमक्या त्याच नमुन्याच्या कॅमेऱ्यासाठी नवी आवृत्ती आहे काय, हे पाहावयाचे. नावात एका अक्षराचा वा अंकाचा फरक असला तरी तो निराळा कॅमेरा असतो आणि त्याची आज्ञावली याच्या उपयोगाची नसते. नव्या आवृत्तीबरोबर निर्माता एक निवेदन देतो. त्यात कोणते दोष दूर केले, कोणती सोय वाढवली, कोणती सेटिंग्ज मूळ स्थितीला जातील, हे लिहिलेले असते. बहुतेक लोक हे निवेदन न वाचताच पुढे जातात, आणि मग जे आधीच सांगितलेले होते त्याबद्दलच नंतर तक्रार करतात.

त्यानंतर मेमरी कार्डाची पाळी. कार्डावरील छायाचित्रे अन्यत्र सुरक्षित उतरवून घेऊन कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करावे. संगणकावर उतरवलेली फाइल कार्डाच्या अगदी वरच्या थरावर ठेवावी; एखाद्या फोल्डरच्या आत ठेवली तर कॅमेऱ्याला ती सापडत नाही. फाइलचे नावही बदलू नये. तीच फाइल दोनदा उतरवली असता संगणक दुसऱ्या प्रतीच्या नावापुढे आपणहून कंसात आकडा घालतो. माणसाच्या दृष्टीने तो फरक क्षुल्लक, पण कॅमेरा ठरलेल्या नावाचीच वाट पाहत असतो. नाव किंचित बदलले की त्याला ती फाइल परकी वाटते. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. बॅटरी कमी असेल तर अनेक कॅमेरे या कामाला सरळ नकार देतात, आणि त्या नकाराचा राग मानू नये. कार्ड घालून सूचीतून आज्ञा दिली, किंवा काही नमुन्यांत एक विशिष्ट बटण दाबून धरून कॅमेरा सुरू केला, की जुनी आवृत्ती कोणती आणि नवी कोणती हे पडद्यावर दिसते व संमती विचारली जाते. अलीकडील काही कॅमेऱ्यांत हे काम दूरध्वनीच्या साहाय्याने किंवा थेट इंटरनेटवरूनही होते, आणि काही कॅमेरे संगणकाला तारेने जोडावे लागतात. तारेने जोडावयाचे असेल तर संगणकाच्या विजेचाही विचार केला पाहिजे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसलेल्या गावी हे काम घाईघाईने उरकण्यात शहाणपण नाही.

संमती दिली की पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागते. कॅमेरा प्रथम फाइलची तपासणी करतो. ती याच नमुन्याची आहे काय, वाटेत तिच्यातील एखादा अंश गळाला काय, तिच्यावर निर्मात्याची खूण आहे काय, हे तो गणिताने पडताळतो. पडताळा जमला तरच पुढचे पाऊल पडते. मग पाटी पुसली जाते आणि नवी अक्षरे उमटू लागतात. हा काळ काही मिनिटांचाच असतो, पण त्या मिनिटांत कॅमेरा पूर्वीचा राहिलेला नसतो आणि नवाही झालेला नसतो. या वेळी बॅटरी काढली, कार्ड काढले किंवा बटण बंद केले, तर आपण कॅमेरा आहोत हेच ज्याला ठाऊक नाही असा काच आणि धातूचा एक गोळा हाती उरण्याचा धोका असतो. म्हणून पुष्कळ निर्माते स्मृतीचा एक लहानसा भाग कधीही न पुसता राखून ठेवतात. यंत्राला प्रथम जागे करण्याची आज्ञावली त्या भागात असते, आणि बाकीचे सारे पुसले गेले तरी तिच्या बळावर पुन्हा एकवार प्रयत्न करता येतो. तथापि ही सोय प्रत्येक वेळी मदतीला येईलच असे नाही. अशा वेळी कॅमेरा टेबलावर ठेवून, हात मागे घेऊन स्वस्थ बसणे, हेच खरे कौशल्य. काही न करण्याचे कौशल्य माणसाला सर्वांत अवघड जाते.

काम पूर्ण झाल्याचा संदेश आल्यावर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करावा, आवृत्तीचा आकडा ताडून पाहावा, आणि आधी टिपून ठेवलेली सेटिंग्ज जागेवर आहेत की नाहीत हे तपासावे. अनेक भिंगांनाही त्यांचे स्वतःचे लहानसे प्रक्रियक आणि स्वतःचे फर्मवेअर असते. कॅमेरा नवे शिकला आणि भिंग जुनेच राहिले तर दोघांचे सूर जुळत नाहीत. म्हणून भिंगाची आवृत्तीही पाहावी. बहुतेक वेळा भिंगाची आज्ञावली कॅमेऱ्याच्या द्वारेच त्याच्यापर्यंत पोचते.

एवढ्या खटपटीचे फळ काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासच देतो. फुजीफिल्म कंपनीचा एक्स१०० हा कॅमेरा २०११ साली विक्रीस आला. त्याचे भिंग बदलता येत नसे, पण आरसा त्यातही नव्हता. त्याच्या रूपावर लोक लुब्ध झाले आणि त्याच्या मंद फोकसवर नाराज. त्या कॅमेऱ्याची सुधारलेली पुढची पिढी २०१३ च्या आरंभी जाहीर झाली. व्यापाराच्या रूढ रीतीप्रमाणे जुन्याला तेथेच निरोप मिळावयाचा. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात निर्मात्यांनी जुन्या कॅमेऱ्यासाठी २.०० ही आवृत्ती दिली. तिने फोकस वेगवान झाला आणि हाताने फोकस साधणाऱ्यांना स्पष्ट कडा उजळून दाखवणारी सोयही मिळाली. ज्याची विक्री आता होणार नव्हती त्या वस्तूवर निर्मात्याने श्रम घ्यावेत, ही गोष्ट ग्राहकांच्या मनात घर करून राहिली. जपानी भाषेत ‘कायझेन’ असा शब्द आहे. काय म्हणजे बदल आणि झेन म्हणजे चांगले. थोडथोड्या पावलांनी अखंड सुधारणा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. छायाचित्रकारांच्या वर्तुळात हा शब्द या कंपनीच्या फर्मवेअरसंबंधी रूढ झाला. याच कंपनीच्या एक्स-टी१ या २०१४ सालच्या कॅमेऱ्याला २०१५ च्या जून महिन्यात ४.०० या आवृत्तीने फोकसची नवीच पद्धत मिळाली.

निकॉन कंपनीचे झेड६ आणि झेड७ हे कॅमेरे २०१८ साली आले, तेव्हा त्यांना माणसाचा चेहरा ओळखता येत होता. पण डोळा वेगळा ओळखता येत नव्हता. मे २०१९ मधील २.०० या आवृत्तीने ती उणीव भरून काढली. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला ही सुधारणा किती मोलाची, हे सांगावयास नको. नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे धूसर असे चित्र कितीही सुंदर असले तरी निर्जीव दिसते. त्याच कंपनीचा झेड९ हा कॅमेरा २०२१ च्या अखेरीस आला आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याला बटण पुरते दाबण्यापूर्वीचे क्षणही राखून ठेवण्याची सोय मिळाली. बटण अर्धे दाबलेले असताना कॅमेरा सतत चित्रे घेत आणि टाकून देत राहतो. बटण पुरते दाबताच मागील काही क्षणांची चित्रे तो जपून ठेवतो. भिगवणच्या पाणथळीवर खंड्या पक्ष्याच्या सुरकांडीची वाट पाहत तासन् तास बसणाऱ्याला याचा अर्थ चटकन कळेल. पक्षी उडाला हे डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज निघून जातो आणि तेवढ्यात फांदी रिकामी होते. हातून निसटलेला क्षण परत मिळणे हे आजवर केवळ कवींच्या इच्छेत होते.

या विद्येची परमावधी पाहावयाची असेल तर दृष्टी पृथ्वीपलीकडे न्यावी लागते. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर २ हे यान जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेले. इतक्या दूरवरून येणारा संदेश क्षीण झालेला. चित्रे पूर्वीच्या पद्धतीने पाठवली असती तर फारच थोडी पृथ्वीवर पोचली असती. म्हणून शास्त्रज्ञांनी चित्रांचा मजकूर आटोपशीर करण्याची नवी आज्ञावली प्रवासातच यानाला धाडली. त्याचे जोडीदार असलेल्या व्हॉयेजर १ कडून २०२३ च्या नोव्हेंबरपासून अर्थहीन संदेश येऊ लागले. स्मृतीची एक चकती निकामी झाली होती, आणि ती बदलण्यास तेथे जाणार कोण? शास्त्रज्ञांनी त्या चकतीतील आज्ञावलीचे तुकडे करून ते स्मृतीच्या इतर रिकाम्या जागांत बसवण्याची योजना केली. यान त्या वेळी सुमारे २४ अब्ज किलोमीटर दूर होते. आज्ञा पोचण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच. एप्रिल २०२४ मध्ये यानाच्या प्रकृतीविषयीचे अर्थपूर्ण संदेश पुन्हा येऊ लागले. त्या यानाचे कॅमेरे १९९० सालीच बंद केलेले आहेत. तरीही घरातील टेबलावरचा कॅमेरा आणि सूर्यमालेबाहेरचे ते यान यांना जोडणारे तत्त्व एकच आहे. अंगाला हात न लावता बुद्धी दुरुस्त करता येते, हे ते तत्त्व.

तथापि या नाण्याला दुसरीही बाजू आहे. मागाहून दुरुस्त करता येते या आश्वासनामुळे माल अर्धाकच्चा बाजारात आणण्याचा मोह निर्मात्याला होतो. पूर्वी कॅमेरा दुकानात जाण्यापूर्वी त्याच्यातील दोष काढावेच लागत, कारण नंतर उपाय नसे. आता पहिल्या वर्षाचे ग्राहक नकळत परीक्षक बनतात, आणि या परीक्षेचे शुल्कही तेच भरतात. नवी आवृत्ती एक दोष काढताना दुसरा निर्माण करते, असेही घडते. निर्मात्यांनी दिलेली आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतल्याचे प्रसंग एकदोन नव्हेत. त्यातून जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट अनेक कॅमेऱ्यांत बंद केलेली असते. म्हणून ज्याचे पोट एका कॅमेऱ्यावर चालते, त्या गावच्या छायाचित्रकाराने लग्नाच्या आदल्या रात्री हा प्रयोग करू नये. अक्षता पडतात तो क्षण पुन्हा पडत नाही, आणि वधूपित्याला फर्मवेअरचा दोष समजावून सांगता येत नाही. हंगाम संपल्यावर, हाताशी सवड असताना, इतरांचा अनुभव ऐकून मग हे काम करावे, हा अनुभवी लोकांचा संकेत आहे.

मालकीचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. कॅमेरा विकत घेतला म्हणजे काय विकत घेतले? पॅनासॉनिकने २०१५ साली आपल्या जीएच४ या कॅमेऱ्यासाठी चलच्चित्रणाची व्ही-लॉग एल ही सोय वेगळे मूल्य घेऊन दिली. क्षमता कॅमेऱ्याच्या अंगी होती. तिचे कुलूप उघडण्याची किल्ली स्वतंत्र विकली गेली. याच्या उलट टोकाला, कॅनन कॅमेऱ्यांसाठी काही हौशी जाणकारांनी २००९ पासून ‘मॅजिक लँटर्न’ नावाची आज्ञावली स्वतःच रचली आणि निर्मात्याने न दिलेल्या सोयी कॅमेऱ्याकडून काढून घेतल्या. आपल्या जबाबदारीवर करावयाचे ते साहस होते. पण त्यामागची भावना स्पष्ट होती. विकत घेतलेल्या वस्तूत काय दडले आहे, हे जाणण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे, असे त्यांना वाटत होते. आणि शेवटी एक दिवस असा येतो की निर्माता नव्या आवृत्त्या देणे थांबवतो. कॅमेरा त्या दिवशी बंद पडत नाही. फक्त त्याचे शिक्षण संपते. तोही मग रंध्यासारखा, आहे तसा राहतो.

सुरक्षिततेचा मुद्दाही उपेक्षा करण्याजोगा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनी कॅननच्या ८०डी या आरशाच्या कॅमेऱ्यात वायफायच्या वाटेने शिरून कार्डावरील सर्व छायाचित्रे कुलूपबंद करून दाखवली. हेतू चोरीचा नव्हता. धोका दाखवून देण्याचा होता, आणि निर्मात्याला आधी कळवूनच त्यांनी तो जाहीर केला. कंपनीने दोष दूर करणारे फर्मवेअर दिले. ज्या वाटेने शहाणपण आत येते त्याच वाटेने दुष्टबुद्धीही येऊ शकते, हे त्यावरून दिसून आले. फर्मवेअर केवळ निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, अनोळखी वायफायच्या आवारात कॅमेऱ्याची दारे उघडी ठेवू नयेत, आणि दोषदुरुस्तीची आवृत्ती मात्र फार काळ टाळू नये, हा त्याचा बोध.

आता पुन्हा सुताराकडे वळावयास हरकत नाही. हत्यार शहाणे होऊ लागले म्हणून कारागिराचे शहाणपण अनावश्यक ठरते काय? कॅमेऱ्याला डोळा कोठे आहे हे कळू लागले. त्या डोळ्यात पाणी का आले, हे त्याला कळत नाही. उडत्या पक्ष्याचा निसटलेला क्षण तो परत देतो. पण पहाटे उठून पाण्याकाठी जाऊन बसण्याची ओढ त्याला नसते. नवी आवृत्ती चढवल्यावर पुष्कळदा असे होते की बटणांचा क्रम थोडा बदलतो, सवयीचा हात अडखळतो, आणि काही दिवस छायाचित्रकारालाच नव्याने शिकावे लागते. यंत्र काही मिनिटांत शिकते. माणसाला त्यासाठी आठवडे लागतात. पण यंत्र शिकते ते दुसऱ्याने लिहून पाठवलेले, आणि माणूस शिकतो ते स्वतः चुकून, स्वतः पाहून. फाळक्यांपाशी त्र्यंबक तेलंग शिकले ते याच रीतीने. पाटी पुसून कोरी करण्याची गरज माणसाला पडत नाही. जुन्या अक्षरांवरच तो नवी अक्षरे गिरवीत जातो. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरली, कॅमेरा पुन्हा जागा झाला, म्हणजे तो हातात घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे आहे.